पत्ती तिची, हँडल माझे

मी चतुराबाई, मयत आसाराम मिस्त्री यांची थोरली पत्नी, वय पंचेचाळीस, राहणार मोमिनाबाद, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत राहून माझ्या मागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. दुखणे छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी पढवलेले नाही, धमकावलेलेही नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम पहिले. घाटनांदूरच्या रस्त्यावरची जागा मला वडिलांनी आंदण दिली. तिच्यावरची मोटार दुरुस्तीची शेड माझ्या पाटल्या मोडून उभी राहिली. दोन्ही माझ्या आहेत, मिस्त्रींच्या नव्हत्या. तरी मिस्त्रींचा पुतण्या रामकिसन, राहणार कडा, याचा शेडवर डोळा आहे. माझी सवत वत्सलाबाई ही विधवा असताना मिस्त्रींनी तिच्याशी पाट लावला, म्हणून तो तिला घरातली धरत नाही. परवा उशाशी बसून मला म्हणाला, "काकू, पाटाच्या बाईला कशाचा हक्क? तुमी डोळे मिटले की ती जाईल आपल्या वाटंनं."

तिला वाट नाही. माहेरी कोणी उरलेले नाही. हे त्याला माहीत आहे आणि मलाही.

जागा व शेड मी वत्सलाबाईस देते. रामकिसनला मिस्त्रींचा लोकरी कोट व तपकिरीची डबी द्यावी. शेड का नाही, ते पुढे लिहिते.

कलम दुसरे, हत्यारे. मोटारीच्या इंजिनात वॉल, म्हणजे झडपा, असतात, ते सारखे उघडतात आणि मिटतात. लोखंड तापले की वाढते, म्हणून प्रत्येक वॉलच्या डोक्याशी केसभर फट ठेवावी लागते. फट वाढली तर वॉल टकटक वाजतो. फार कमी झाली तर आवाज बंद होतो, मालक खूश होतो, पण वॉल नीट मिटत नाही आणि जळून जातो. फट बसवायला आमच्याकडे दोन माणसे लागतात. एकाने पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचे, दुसऱ्याने फटीत मापाची पातळ पोलादी पत्ती सरकवून पेच आवळायचा. ओल्या हातावरून बांगडी सरकते तशी पत्ती जराशी धरून सरकली पाहिजे.

लग्न झाल्यापासून हँडल माझ्याकडे. मिस्त्री म्हणायचे, "चतुरे, हळू. जातं न्हाई ते." मला वाटे, कधीतरी पत्तीही माझ्या हातात येईल. वत्सला आली आणि त्याच वर्षी पत्ती तिला मिळाली. मी मोटारीच्या जाळीपुढे वाकलेली असे, आणि पलीकडून बोलणे ऐकू येई.

"वच्छे, बोट सैल सोड. आता कसं लागतंय?"

"धरतीय जराशी."

"मग बरोबर हाय."

ते तिच्या खोलीत जात, ते मी सोसले. हे "कसं लागतंय" मला सोसले नाही. मला त्यांनी तसे कधी विचारले नव्हते. एकदा मीच म्हटले, "मलाही दाखवा की." म्हणाले, "तुझ्यासारखं हँडल कोण फिरवतंय? तू तिथून हाललीस की काम बिघडलं." ही त्यांनी केलेली तारीफ होती. मला ती नको होती.

मिस्त्री गेल्यावर शेड आम्ही दोघींनी चालवली. कधी कधी आमचे बोलणे बंद असे, तरी तिने "थांबा" म्हटले की माझा हात थांबे.

गेल्या माघात रामकिसन मदतीला म्हणून आला. वडवणीच्या सुंदररावांची मोटार नवरदेवासाठी न्यायची होती. सुंदरराव म्हणाले, "ती टकटक तेवढी घालवा, पाव्हणे हसतील." रामकिसनने सगळे पेच आवळून टाकले. वत्सला म्हणाली, "लई गप झाली. वाटंत जळंल." त्यावर तो हसला. "बायांना गप बसणं ठाऊक न्हाई, म्हणून भ्या वाटतंय." नवरदेव बैलगाडीतून मांडवात गेला, आणि मोटार बैल लावून आमच्या दारात परत आली.

म्हणून पाने, पेचकस, सगळ्या पत्त्या वत्सलाच्याच. त्या दिवशी ती बरोबर ठरली, याचाही मला राग आला होता.

कलम तिसरे. माझी दोन चांगली लुगडी नणंद छबुबाई हिला द्यावीत. तिने उसनी मागून नेलेली पितळी परात तिच्याकडेच राहू द्यावी, पण ती माझ्या लक्षात होती एवढे तिला सांगावे.

कलम चौथे, हँडल. मी अंथरूण धरल्यापासून शेजारच्या कय्युमभाईंची बहीण जाहेदा हँडल फिरवायला येते. माझी खाट शेडच्या भिंतीला लागून आहे. काल काम करताना दोघी हसल्या. माझ्याबरोबर काम करताना वत्सला हसल्याचे मला आठवत नाही.

संध्याकाळी ती माझे पाय चेपत होती, तेव्हा मी विचारले, "कशी फिरवते ती?"

"झटके देती, आक्का. तुमच्यावानी न्हाई."

"मग हसत काय होता?"

"तेच की. तिनं झटका दिला आन माझं बोट चेमटलं."

नख काळे पडले होते. मी तिला जवळ बसवून हळद लावली. फार हळू लावली, कारण लावून झाल्यावर ती उठून जाणार होती.

पूर्वी मला वत्सलाचा हेवा वाटे, आता जाहेदाचा वाटतो. असे का, हे सांगणे या कागदाचे काम नाही.

हँडल जाहेदानेच घ्यावे. वत्सलाला एकटीला हे काम होणार नाही, आणि तिची चूल बंद पडावी असे मला वाटत नाही. मात्र माझे तेरा दिवस होईपर्यंत त्या हँडलाला कोणी हात लावू नये. कोणाचीही मोटार येवो, कितीही घाई असो, फट बसवू नये. इंजिन वाजत असेल तर वाजू द्यावे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : चतुराबाई, भ्रतार आसाराम मिस्त्री

साक्षीदार :
कय्युम, टिनवाले, शेजारी
बद्रीनाथ, भुसारी, मोंढा

मोमिनाबाद, जिल्हा बीड
माहे खुरदाद, १३४८ फसली (सन १९३९ इसवी)