खाडीकाठची बारा गावं आणि आपलं पान

आप्पा,

तुमचं पुस्तक छापायला गेलंय. अफझलगंजच्या छापखान्यातून काल फोन आला, "अम्मा, एक पन्ना आधा खालीच है. वैसाइच छापूँ क्या?" मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं. ते पान आपल्या घराण्याचं आहे, हे त्याला काय समजावणार?

काचीगुड्याच्या दोन खोल्यांत बसून तुम्ही कोकणातल्या एका तालुक्याचा इतिहास लिहीत होतात. खाडीकाठची बारा गावं, तिथली घराणी, कुणी बांध घालून खारी जमीन पिकाखाली आणली, शिमग्याच्या पालखीपुढे पहिला नारळ कुणाचा. आजोबा त्यातल्याच एका गावातून रेल्वेच्या नोकरीपायी हैदराबादला आले, तुमचा जन्म इथलाच, समुद्र पाहिलात तो सुट्टीत. तरी कुणी कोकणी आडनावाचा माणूस दारात आला की चहाच्या आधी त्याचं कुलदैवत विचारायचात. आई वैतागून म्हणायची, "अहो, त्याला बसू तर द्या. माणूस आलाय, वंशावळ नाही."

शेजारी केबल आलं त्याच सुमारास मला मलकपेठच्या एका खाजगी कंपनीत नोकरी लागली. पेन्शन नाही म्हणजे तुमच्या लेखी ती नोकरीच नव्हती. पण तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटतात हे कळलं आणि तुमचं मत एकदम मवाळ झालं. साहेबांच्या परवानगीनं आपण रविवारी तिथे जायचो. तुम्ही सांगायचात, मी टाईप करायचे. मुलगे नावानिशी, मुलींचा नुसता आकडा, आणि मुलगा नसेल त्या घरापुढे 'निर्वंश'. कुलवृत्तांतात असंच असतं, म्हणून मीही मुकाट्यानं बोटं चालवत राहिले.

मग आपलं पान येतं. तुम्ही तुमचं नाव सांगता, आईचं सांगता, आणि त्याच आवाजात म्हणता, "निर्वंश."

मी हात उचलते. "आप्पा, मी इथे तुमच्या शेजारी बसलेय."

"अगं, तो शब्द तुझ्याबद्दल नाही. पद्धत आहे ती."

"मग पद्धत बदला."

"बारा गावांना लावलेली पद्धत आपल्या घरापुरती मोडू? लोक म्हणतील, स्वतःवर आलं तेव्हा बरी सुचली."

"मग बाराही गावांची मोडा!"

त्या दिवशी बसमध्ये मी पुढे बायकांच्या सीटवर जाऊन बसले आणि काचीगुडा येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. इतका राग मला तुमचा आधी कधी आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पोस्टकार्डांचा गठ्ठा आणलात आणि एकेका घराण्याला लिहायला बसलात: मुलींची नावेही कळवावीत. उत्तरं काय एकेक आली! एकानं लिहिलं, त्या दिल्या घरी गेल्या, आता आमच्याकडे कशाला? दुसऱ्यानं विचारलं, जमिनीत वाटा मागायचा बेत आहे काय? ते तुम्ही वाचून दाखवलंत आणि चक्क हसलात. निम्मी नावं अजून यायची होती, तेव्हाच तुम्ही गेलात.

उरलेली मी गोळा केली. वर्षं गेली त्यात, आप्पा. सख्ख्या आत्याचं नाव लोकांना सांगता येईना. कुणी म्हणे आम्ही तिला बाय म्हणायचो, कुणी म्हणे ताई. मग त्या बायकांच्या सासरी फोन करायचे. कधी एखादी म्हातारी स्वतःच फोनवर यायची, नाव सांगायची आणि विचारायची, "छापणार ना गं नक्की?" जी मिळाली ती सगळी घातली. 'निर्वंश' हा शब्द आता पुस्तकात कुठेच नाही. तुमच्या आणि आईच्या नावाखाली मात्र मी काहीच लिहिलं नव्हतं. ते पान उघडायचे आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचे.

हा कागद तुमच्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात ठेवून देणार आहे, पाठवायचा कुठे? पण एक सांगते. मी भांडले ती पुस्तकात यायला नव्हे. मला माझं नाव तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आज सकाळी ते पान पुन्हा उघडलं. शेवटी तुमच्यासारखंच जरा खाकरून मोठ्यानं "कन्या" म्हटलं, पुढे माझं नाव सांगितलं, आणि मग टाईप केलं.