रुद्राणीचा आवाज, अठराशे जीबी

२० सप्टेंबर २०१८, गुरुवार

या हातांनी केलेलं: गल्लीतला पहिला अँटेना, पडद्याच्या नळ्यांचा. दोन स्टॅबिलायझर, भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरचे – एक अजून चालतो. माझ्या लेकीचा, जिक्राचा पांगुळगाडा – तो गावातच राहिला, त्र्याण्णवच्या भूकंपात, तिच्यासकट. केबलचं जाळं, अर्ध्या नांदेडात. आणि लातूरच्या क्लासच्या इथल्या शाखेपर्यंतची फायबर, एकेक जोड मी दिलेला. आयटीआयचा कागदसुद्धा नाही माझ्याकडं!

आज दुकानात शेषेराव म्हणून एक जण आले, हदगावकडचे. त्यांची मुलगी रुद्राणी लातूरला त्याच क्लासात होती. मागच्या वर्षी डेंग्यूनं गेली.

"फोटू हायत. आवाज न्हाई," म्हणाले. "क्लासात क्यामेरा असतो म्हणं, पाशाभाई?"

हाय, म्हणालो.

लगेच ऋतुजाला फोन – क्लासचा लातूरचा सर्व्हर ती सांभाळते. त्या वर्गाचं सगळं रेकॉर्डिंग आहे. पण शनिवारी सकाळी डिस्क पुसणार, नव्या बॅचसाठी. संचालक अमृतराव तिच्या शेजारीच होते. "न्या की! शंभरची लाईन हाय, डिस्कचा वेग सहा गिगाचा. चहा होईस्तोवर येईल."

चहा!

२१ सप्टेंबर

लाईन शंभर मेगाबिट. बिट – बाइट नव्हे. आठानं भागून साडेबारा मेगाबाइट. पाकिटांवरचे पत्ते-शिक्के वजा जाता अकरा. माल अठराशे जीबी. पोरगी कोणत्या तासाला बोलली कोणाला ठाऊक, म्हणून सगळाच आणायचा. पंचेचाळीस तास. शनिवारची सकाळ त्याच्या आधी येते.

डिस्कच्या बाजूचे सहा गिगाबिट आठानं भागून साडेसातशे लिहिले. ऋतुजाला वाचून दाखवलं.

"सहाशे, काका. तिथं दहानं भागायचं."

म्हणालो, आठ बिटांचा बाइट, पोरी, मला शिकवतेस?

"आठ आपले. दोन वरचे, पलीकडच्याची मोजणी चुकू नये म्हणून. फायबरच्या काचेवर पण वरचे जातात, पण काचेवाले ते सोडून आकडा सांगतात. डिस्कवाले धरून."

वीस वर्षं काच जोडतोय. कोणी सांगितलं नव्हतं! कान तापले. पुस्तक काढून पाहिलं. तिचंच बरोबर.

वर म्हणते, "आणि सहाशे बी विसरा. ती जुनी तबकडी शंभराच्या वर देत न्हाई. इथं कॉपी करायला पाच तास. रिकामी डिस्क घ्या आणि एसटीत बसा!"

मी ओढलेली काच असताना एसटी. बसलो.

२२ सप्टेंबर

आणलं. डिस्क मांडीवर, रुमालात. अहमदपूरला सगळे चहाला उतरले. मी नाही.

२६ सप्टेंबर

चार दिवस ऐकतोय. क्लासचे सर, फळा, पंख्याची घरघर. आज सापडली! शेषेरावांनी दिलेल्या फोटोतलीच, तिसऱ्या बाकावर, दोन वेण्या. "सर, परत एकदा सांगा ना. मला न्हाई कळलं." पोरं हसली. सरांनी परत सांगितलं. मग ती: "हां, आता बसलं डोक्यात."

आतून बायकोनं, हाजराबीनं विचारलं, "कोणाची पोरगी आली?"

क्लासचं काम आहे, म्हणालो. ती दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "अजून लावा जी."

३० सप्टेंबर, रविवार

पंचवीस वर्षं. जिक्राचा आवाज आठवायला बसलो. आला तो रुद्राणीचा.

२ ऑक्टोबर

शेषेरावांना त्यांची कॉपी दिली, छोट्या डिस्कवर. इथंच ऐकवली. टोपी काढून ऐकली. आवाज थांबल्यावरही पडद्याकडंच बघत राहिले.

"किती झाले?"

काही नाही, म्हणालो.

"एक तुमच्यापाशी असू द्या, पाशाभाई. आमच्याकडं धूळ, उंदरं. भरोसा न्हाई."

बरं, म्हणालो. तसाही ठेवणारच होतो.

४ ऑक्टोबर

ते वरचे दोन बिट डोक्यातून जात नाहीत. निरोप त्यांच्यात काहीच नाही. तरी प्रत्येक आठामागं जातात, रात्रंदिवस. नसते तर पलीकडच्याला कळलंच नसतं, कुठून काय सुरू झालं. आणि मी एवढी वर्षं त्यांना धरलंच नाही.

१५ ऑक्टोबर

गुणाबाई आल्या, रुद्राणीची आई. एकट्याच, पहिल्या गाडीनं. पिशवीत फुटलेली डिस्क.

"मालकानं फोडली. दिसभर ऐकत बसते म्हणून. तुमच्याकडं हाय ना?"

तुकडे पाहिले. तबकडीला तडा, काही उरलं नाही. माझ्याकडची लावली. हाजराबी शेजारी येऊन बसली. चहा केला होता – दोघींचाही गार झाला.

"आता बसलं डोक्यात," पोरगी म्हणाली.

"अशीच बोलायची," गुणाबाई म्हणाल्या. हाजराबीनं मान हलवली – जशी काही तिलाही माहीत होती!

१९ ऑक्टोबर

रोज येतात. सोयाबीन रानात तसंच पडलंय म्हणे, यांना त्याचं काही नाही. काल गाडी चुकली तर हाजराबी चार वेळा दारात जाऊन आली. मला हसू आलं. मग लक्षात आलं – खुर्ची तर मीही सकाळीच पुसून ठेवली होती.

एवढंच: गुणाबाई आता जेवत नाहीत. डबा आणतात, तसाच परत नेतात.

२३ ऑक्टोबर

शेषेराव आले. बसले नाहीत. "पुसून टाका, पाशाभाई. पोरगी गेली, आता बायको बी चालली." आतून हाजराबी बघत होती. पुसणार नाही, म्हणालो. पुसण्यासाठी घाईनं सोयाबीन काढून, विकून आणलेले तीस हजार देत होते, तरीही.