अर्धा हात

३ फेब्रुवारी
अमरावतीला नव्या सरपंच बायांचं प्रशिक्षण. मी पाच वर्षं सरपंच होते, आता साधी सदस्य, म्हणून मलाही शिकवायला बोलावतात. मतदानाचा सराव घेतला तर सगळ्यांचे हात पदराआडच! आमच्याच गावची नवी सरपंच रश्मी तर नुसती बोटं हलवत होती. चिडलेच मी. म्हटलं, "हात पुरा वर कर पोरी. अर्धा हात कोणी मोजत नाही." हसली, पण केला.

१९ मार्च
रश्मी आता संध्याकाळची घरी येते. ठराव कसा मांडायचा, ग्रामसेवकाला काय विचारायचं, सगळं सांगते तिला. नवऱ्याचं, सुगतचं, पंचायतीच्या ऑफिसात येणंच तिनं बंद केलं म्हणे! मला हे कधी जमलं नाही. माझ्या खुर्चीत आमचे हेच बसायचे, मी बाजूच्या स्टुलावर.

६ जून
उपसरपंच देवीदासनं केलेल्या सिमेंट रस्त्याच्या बिलावर रश्मीनं सही केली नाही. रस्ता पातळ आहे, पुन्हा मोजा म्हणाली. मीच शिकवलेलं. अभिमान वाटला — आणि देवीदास आता स्वस्थ बसायचा नाही, हेही कळलं.

११ जून
रश्मीवर अविश्वास ठराव. देवीदासच्या लोकांना एक हात कमी पडतोय. माझा.

१४ जून
देवीदास येऊन गेला. आमचा मुलगा कुलदीप देवीदासच्या मामाच्या शाळेत मास्तर आहे, यंदा नोकरीत कायम व्हायचा आहे. त्यावर चकार शब्द नाही. चहा घेतला, कुलदीपची खुशाली विचारली, गेला. तो गेल्यावर हे म्हणाले, "तिचं मोप केलं तू. आता आपल्या पोराचं पाह्य."
मी उठून देवीदासची कपबशी घासायला घेतली. रात्री जेवण गेलं नाही. कुलदीप तर घरात असून दिवसभर माझ्यासमोर आला नाही.

१६ जून
रश्मी आज आली नाही. निरोप तेवढा धाडला — काकू हायेत, मले काळजी नाही.
खूप रडले. जाऊन तिला सांगावं असं दहादा मनात आलं. काय सांगणार?

१७ जून
तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. माझा खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. धरायचा की नाही, त्यांना कळेना. समोर रश्मी बसली होती. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "काकू, हात पुरा वर करा."
केला.