फाटक्या पानांचे झाड आणि गंगेचा गडू

मी, श्रीमती अनसूया विष्णुपंत औंधकर, वय सदुसष्ट, राहणार गावभाग, सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. मला कमी ऐकू येते असे घरच्यांनी परस्पर ठरवले आहे, ते खोटे आहे.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले राहते घर मुलगा गोपाळकृष्ण यास द्यावे. एकुलता एक आहे. नाही दिले तरी घेईलच.

२. पाटल्या व मोहनमाळ सून चारुलता हिला. मिरजेला माझ्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायच्या आधीच तिने त्या 'सांभाळायला' नेल्या आहेत. त्या तिच्याकडेच राहू द्याव्यात.

३. माजघरातले मॉन्स्टेराचे झाड मात्र या दोघांना मिळू नये. साताऱ्याहून यजमानांची बदली झाली तेव्हा मी ते मांडीवर घेऊन एसटीने आले. बदली मला न विचारताच घेतली होती. उंब्रजला शेजारी बसलेली बाई म्हणाली, "आवं, किडीनं खाल्ल्याली पानं कुठं नेताय?" पाने जन्मतःच तशी फाटकी असतात, हे या घरातही कोणाला कधी पटले नाही.

मी मिरजेला असताना चारुलता रोज सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या याच्या कुंडीत ओतायची. तुळस अंगणात उन्हात असते, हे घरात सावलीत. परत आले तर देठ कुजलेले, मातीला घाण वास. गोपाळकृष्ण म्हणाला, "आई, एक दिवस चुकवला नाही हो!" आल्यागेल्यालाही त्याने तेच ऐकवले. मी रडले, तर डोळ्याला त्रास होईल म्हणून मलाच रागावला. एक हिरवा तुकडा गाठीसकट कापून मी बाटलीत जगवला. आजचे झाड त्या तुकड्याचे.

मलाही या घरात असेच सांभाळतात. रोज चार वाजता साखर घातलेले दूध पुढे येते. मला दूध आवडत नाही. कोणी विचारलेले नाही.

४. झाड शेजारच्या लीलाबाई यांना द्यावे. त्या एकदा तांब्या हातात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "काकू, माती वली हाय अजून. घालू का नगं?" एवढे विचारणारे माणूस मला या वयात भेटले. लीलाबाई, ऊन लागू देऊ नका, पाने ओल्या फडक्याने पुसा, आणि पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. बाकी तुम्हाला कळते. झाड तुम्हालाच मिळायचे आहे, म्हणून तुम्हाला साक्षीला घेतले नाही. राग मानू नये.

५. देवघरात गंगेचा गडू आहे. माझा शेवट आला की तो फोडून माझ्या तोंडात पाणी घालण्याची घाई होईल, चार माणसांदेखत. त्याआधी कोणीतरी वाकून विचारावे, "आई, तहान लागली आहे का?" मी मान हलवली तरच घालावे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडतात, हे मला कळते. तुम्ही हे वाचाल तेव्हा पाणी घालून झालेले असेल.

अनसूया विष्णुपंत औंधकर

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. मानसिंग बाळासो पाटील
२. हिंदुराव कोंडीबा माळी

सांगली, दिनांक ९ डिसेंबर १९६६