नातं: मैत्रीण

प्रिय आई,

दर रविवारी फोनवर तुला ज्या मैत्रिणींच्या गमती सांगते, त्यांतली एकही खरी नाही. इथे माझं कुणाशी भांडण नाही गं, कुणी बोलतच नाही.

परवा दुपारी होस्टेलच्या बाथरूममध्ये एक मुलगी पडलेली दिसली. इतकी प्यायली होती की हाका मारूनही डोळे उघडेना. ओठ निळे पडलेले. उलटी घशात अडकू नये म्हणून, तू धाकट्याला निजवायचीस तसं तिला कुशीवर वळवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. तोवर तिचा श्वास मोजत बसले. तो मध्येच थांबायचा, तेव्हा मी तिचा खांदा हलवायचे.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "तू हिची कोण?"

"मैत्रीण."

"हिचं नाव?"

मला माहीतच नव्हतं. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्मवरची नावाची जागा कोरीच सोडली.

आज ती मेसमध्ये दिसली. मी ओळखीचं हसले. मी कुणाकडे बघून हसतेय, ते तिने मागे वळून पाहिलं.

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी तू विचारशीलच, "मैत्रिणी काय म्हणतात?" सांगेन, एक जरा आजारी होती, आता बरी आहे.

तुझी,
बडबडी