रेश्माच्या उजव्या हाताचा रंग

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
कृत्रिम अवयव वाटप केंद्र,
अहमदनगर.

विषय : मुलीच्या सिलिकॉनच्या हातावर हवा तो रंग टिकत नाही व नको तो जात नाही, याबाबत.
संदर्भ : माझा दिवाळीपूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले मौन.

महोदय,

मी विजयमाला बन्सी पाटोळे, राहणार केडगाव, दुकानांच्या पाट्या रंगवते. काम कुणाकडे शिकले नाही. चुकलेले पुसून पुसून शिकले. माझी मुलगी रेश्मा हिचा उजवा हात कडबाकुट्टीत मनगटापासून गेला. आपल्या केंद्राने तिला सिलिकॉनचा हात दिला, त्याचे उपकार आहेत. नखे, रेषा, शिरा, सर्व हुबेहूब. फक्त हात गोऱ्या माणसाचा आहे आणि रेश्मा माझ्यावर गेली आहे, म्हणजे सावळी.

हे आपल्या खिडकीवर सांगितले असता "बाई, हात आलाय ना? रंगाचं काय घेऊन बसलात?" असे उत्तर मिळाले. रंग हाच धंदा असल्याने मी तेच घेऊन बसले.

ॲक्रिलिक रंगाने हात रेश्माच्या वर्णाचा केला. शेजारच्या छबूबाई तो हातात घेऊन "बांगड्या कुठं भरल्या गं?" म्हणून विचारू लागल्या, इतका जुळला. परंतु बोटे जरा दुमडली की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटत. साबणाने धुऊन पुन्हा लावला. आधी प्रायमर मारला. पॉलिश पेपरने घासला, तर हात खरबरीत झाला आणि रंग गेला तो गेलाच. रंगाचा दुकानदार म्हणाला, "ताई, शिलिकॉनला काय बी चिकटत न्हाई." मी विश्वास ठेवला. इथे चुकले.

रेश्माच्या चुलत बहिणीच्या हळदीला जाण्यापुरता हात पुन्हा रंगवून दिला. तिथे करवल्या एकमेकींना हळद फासत होत्या. रेश्मालाही फासली. मी अडवले नाही. रंग चिकटत नाही तिथे हळद काय चिकटणार? शिवाय पोरगी कितीतरी महिन्यांनी हात पदराबाहेर काढून हसत होती. सकाळी पाहते तो माझा रंग सगळा सुटलेला आणि त्याखाली झिरपलेली हळद जागच्या जागी. साबण, लिंबू, रॉकेल, राख, सर्व झाले. हात आजही पिवळाधमक आहे.

रेश्मा बालवाडीत शिकवते. पोरे म्हणाली, "बाईंच्या एकाच हाताचं लगीन झालंय!" ती घरी आली ती बसूनच राहिली. येत नसेल तर जागा दुसरीला देऊ, असा बालवाडीतून निरोप आला.

साहेब, मला एवढे उमगले की या हाताला वरून लावलेले चालत नाही, आत मुरेल तेच राहते. तरी आपले कारागीर हात ओतताना मालातच जो रंग कालवतात, तो थोडा मिळावा आणि मला त्यांच्याजवळ बसू द्यावे. नवा हात मागत नाही. जुळणी मी करीन, मुलीचा वर्ण मला पाठ आहे. फेरफार केल्यास केंद्र जबाबदार नाही, ही अट मान्य. हळदीची जबाबदार मीच.

अर्ज दप्तरी जाण्याआधी एक कळवते. निरोपानंतर रेश्मा पुन्हा बालवाडीत जाऊ लागली आहे. निघताना ती डाव्या, खऱ्या हाताला हळद चोळते, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. पोरे आता गप्प आहेत. पण खऱ्या हाताची हळद धुतली की जाते, म्हणून ती दिवसभर त्या हाताला पाणी लागू देत नाही. कोणत्या हाताने कोणत्या हातासारखे व्हायचे, एवढे लवकर ठरवावे.

टपालाच्या वाटेवर डोळे लावून,

आपली नम्र,
विजयमाला बन्सी पाटोळे
केडगाव, दि. ११ मार्च १९९७

सोबत : तर्जनीवरून अखंड निघालेला रंगाचा पापुद्रा, कागदात गुंडाळून. मुलीचा वर्ण हाच. जपून उघडावा.