गार समुद्राचा प्रश्न

मास्तर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

मी इंग्रजी चौथीत होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. मांडवीला आगबोटीच्या धक्क्याजवळ आमच्या आबांचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पडवी, हाताने फिरवायचं यंत्र आणि गोटीच्या बाटल्या. भर उन्हात आबा सोडा भरत नसत. "पाणी गार असलं तरच ग्यास धरतं गो. तापलं की सोडून देतं," म्हणायचे. तुम्ही त्या दिवशी कर्बवायू शिकवत होतात. आपण श्वासातून सोडतो तोच सोड्यात असतो, आणि समुद्रही तो हवेतून घेतो, असं सांगितलंत. मी उठून विचारलं, "मग मास्तर, ध्रुवाकडचा समुद्र जास्त घेत असेल ना? आणि तेच पाणी इकडे येऊन तापलं, की सोडत असेल?" तुम्ही हसलात. "सोडावाल्याची पोर आता ध्रुवावर दुकान घालणार!" सगळा वर्ग खिदळला. मला बस न म्हणता तुम्ही फळ्याकडे वळलात, आणि तास संपेपर्यंत मी उभीच. संध्याकाळी पडवीत येऊन आबांना म्हणालात, "पोर आगाऊ झालीय. लग्नाचं बघा." आबांनी तुमच्या शब्दाला मान दिला. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद.

छत्तीस-सदतीस साल असेल. वाचनालयात तुमचं व्याख्यान आहे. मी मुलाला मांडीवर घेऊन मागे बायकांत बसलेय. तुम्ही सांगताय, "ध्रुवाकडचा समुद्र गार, म्हणून तो कर्बवायू पितो, आणि उष्ण प्रदेशात येऊन सोडतो. सोड्याची बाटली बघताना मला हे सुचलं." मला सुचलं! माझं नाव घ्यायला नको होतं, मास्तर. 'एका मुलीने विचारलं होतं' एवढं म्हटलं असतंत तरी पुरलं असतं.

परवा नातवाच्या पुस्तकात वाचलं, की ते अर्धंच खरं होतं. खोलात वर्षानुवर्षं वायू साठलेलं जुनं पाणी वर आलं, की ध्रुवाकडचा गार समुद्रही वायू सोडतो. म्हणजे तुम्ही माझी चूकसुद्धा उचललीत, आणि तीही तशीच लोकांपुढे मांडलीत! शाळेत राहिले असते, तर ती मीच कधीतरी दुरुस्त केली असती.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. कारण त्या दिवशी तुमचं बोलणं संपलं, तेव्हा पहिली टाळी माझी होती.